दोनशे चौदा ओळींचा तक्ता

...नाही, पण तुम्हीच सांगा, ‘सुतार सकाळी साडेआठला येईल’ असं कुणी शाईनं लिहितं का हो? पेन्सिलीनं लिहावं! सुताराचं येणं, रंगाचं वाळणं आणि पाहुण्यांचं जाणं, या तीन गोष्टी माणसानं पेन्सिलीनंच लिहाव्यात, खोडायला बऱ्या पडतात. पण आमच्या ह्यांनी लिहिलं. शाईनं. खाली पट्टीनं रेघ मारून. आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात काय, तर ‘न आल्यास आठ पस्तीसला फोन, आठ चाळीसला दुसरा फोन, आठ पंचेचाळीसला दुसरा सुतार’! आता दुसरा सुतार म्हणजे काय, दुसरा शर्ट आहे का कपाटात टांगलेला? तर म्हणाले, आहे. ठरवून ठेवलाय. आणि तिसरा, म्हटलं? गमतीनं हो! तर ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लाखमोलाची गोष्ट सांगितली, आणि ओळ एकशे सहाच्या खाली लिहिलं, ‘तिसरा सुतार?’

इतकं नीट करू नये माणसानं, तुम्हाला सांगते. इतकं नीट करू नये!

तर झालं काय, आमच्या ह्यांचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं, अकरा माणसांचं. दवाखान्यातली मशीनं दुरुस्त करणारी कंपनी. कुठं मशीन बंद पडलं की दवाखान्यातून फोन येतो, मग ह्यांच्याकडचा मेकॅनिक पिशवी घेऊन पळतो. त्या सगळ्यांवर आमचे हे. व्यवस्थापक. म्हणजे काही झालं तर ज्याला विचारतात तो, आणि काही झालं नाही तर ज्याला कुणीच विचारत नाही तो.

त्या ऑफिसाला नवं रूप द्यायचं ठरलं. सहा वर्षांपूर्वी पण ठरलं होतं, बरं का! तेव्हा ‘पंधरा दिवसांत होतंय’ म्हणून भिंत पाडली आणि अकरा महिने ते चाललं. अकरा महिने! पहिल्या महिन्यात फरशी उखडली, दुसऱ्या महिन्यात फरशीवाला नाहीसा झाला, चौथ्या महिन्यात कळलं की कपाट दारातून आतच जात नाही, मग दार तोडलं, मग दार मोठं झालं म्हणून भिंत तोडली... तेव्हाचे साहेब सज्जन होते हो, त्यांची बदली थेट गोदामावर झाली. आमचे हे रोज संध्याकाळी पांढरे होऊन घरी यायचे, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे, आणि जेवताना एकदम थांबून विचारायचे, ‘तुला ठोकल्याचा आवाज येतोय का गं?’ नाही हो, म्हणायचे मी. शेजारी कुणी खलबत्ता काढला तरी ह्यांच्या हातातला घास खाली! दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. आमचे हे तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकायला लागले.

आणि आता आल्या नव्या मोठ्या मॅडम. मुख्य ऑफिसातून. त्या ओरडत नाहीत. हीच तर भीती! ओरडणारा साहेब परवडला, त्याचा पारा दिसतो तरी. या बाई हळू बोलतात. इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागतं, आणि वाकलं की आपणच माफी मागतोय असं वाटतं. त्या ह्यांना म्हणाल्या, (अश्शा, ओठ न हलवता) ‘शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद. मधला आठवडा सोडून पुढच्या सोमवारी सकाळी नऊला चालू. नऊ दिवस. जमेल ना?’ हे म्हणाले, ‘आणि समजा... नाही जमलं तर?’ तर बाई हसल्या म्हणे. ‘नाही जमलं तर इथलं काम आम्ही मुख्य ऑफिसातूनच बघू. मग सजवायची गरजच नाही, नाही का?’

अकरा माणसं हो! त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं, दोघांची पोरं शाळेत, आणि आमचे हे चौपन्न वर्षांचे. चौपन्नाव्या वर्षी कोण नोकरी देतं? त्या दिवशी घरी आले, बूट काढायचे विसरले, तसेच खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, ‘नऊ दिवस.’ मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं! माझ्या काळजाचं पाणी पाणी. मग खरं काय ते सांगितलं, तेव्हा आधी जीव भांड्यात पडला, आणि मग हळूहळू लक्षात आलं की भांडंच गळकं आहे.

मग सुरू झाला तक्ता.

सहा आठवडे, तुम्हाला सांगते, सहा आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं! तक्ता होता. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. हे रोज ऑफिसातून मापं घेऊन यायचे. टेबलाची लांबी, दाराची रुंदी, लिफ्टची खोली, जिन्याचं वळण. कपाट वळणावर अडकेल का, हे बघायला पुठ्ठ्याचं कपाट केलं आणि ते कडेवर घेऊन तीन मजले चढले-उतरले. लोक जिन्यात बाजूला व्हायचे. कामाची गंमत काय होती, सांगते. ऑफिसात येऊन करवत चालवायचीच नाही! सगळी टेबलं, सगळी कपाटं आधीच सुताराच्या कारखान्यात कापून, घासून, पॉलिश करून तयार ठेवायची, प्रत्येक फळीवर नंबर, आणि त्या नऊ दिवसांत फक्त आणून जोडायची. वायरचे तुकडेसुद्धा आधीच मापानं कापलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. रंग आधी पुठ्ठ्यावर लावून मॅडमना दाखवून सही घेतलेली, म्हणजे मागनं कुणी ‘जरा पिवळट वाटतोय’ म्हणायला नको. आणि कोण कधी येणार, कुठून शिरणार, कुठं डबा खाणार, सगळं! दोनशे चौदा ओळी!

त्यात एकदा रंगीत तालीम झाली. घरी! म्हणाले, ‘एक जड वस्तू दोन माणसांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला किती वेळ लागतो ते बघायचंय.’ जड वस्तू म्हणजे सासूबाईंची कॉट. सासूबाई कॉटवर झोपलेल्या. मी म्हटलं, अहो, आईंना उठवू दे. तर म्हणे, नको, भरलेल्या कपाटाचा अंदाज येईल! उचलली हो आम्ही. सासूबाईंनी मधल्या दारात डोळे उघडले, आढ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, ‘आटोपलं का माझं?’

इतकं नीट करू नये हो माणसानं!

मी म्हणायचे, अहो, कशाला इतकं वाईटसाईट मनात आणता? मन चिंती ते वैरी न चिंती! तर म्हणायचे, ‘तेच तर! वैऱ्याच्या आधी मी चिंतून ठेवतो, म्हणजे वैऱ्याला काही शिल्लक राहत नाही.’

आणि एके दिवशी मी सहज तक्ता वाचत बसले. बायकोनं नवऱ्याची कागदपत्रं वाचू नयेत, पण टेबल माझं होतं. तर ओळ सदतीस काय? ‘ऑफिसचा फोन, नऊ दिवस, वळवणे. कुठे: घरी. कोण उचलणार: पत्नी.’

पत्नी म्हणजे मी!

माझं धाबंच दणाणलं. मी म्हटलं, अहो, मला त्यातलं काय कळतं? मी घरच्या फोनवर सुद्धा ‘हॅलो’ म्हटल्यावर ‘काय गं, जेवलीस का’ एवढंच बोलते! हे म्हणाले, बाकी दहा जण दवाखान्यांत हिंडणार, मी कामावर उभा, बाहेरच्या माणसावर भरवसा नाही, उरलं कोण? आणि माझ्यापुढे कार्डांचा गठ्ठा ठेवला. कार्ड एक: नमस्कार कसा करायचा. कार्ड दोन: नाव, पत्ता, कुठलं मशीन ते लिहून घेणे. कार्ड नऊ: मशीन बंद आहे आणि पेशंट खोळंबलेत. ते कार्ड तांबडं होतं. मी त्याच्याकडे बघायचं सुद्धा टाळायचे. गठ्ठ्यात अगदी खाली घालून ठेवलं. जसं काही कार्ड खाली ठेवलं की मशीन बंद पडत नाही!

तर उजाडला तो शनिवार. आणि आता ऐका, काय भयंकर झालं ते.

सुतार वेळेवर आला.

हसू नका! हा सुतार कोण, माहितीये? सगळे त्याला ‘उद्या’ म्हणतात. तोंडात दुसरा शब्दच नाही. ‘उद्या नक्की ताई’, ‘उद्या बघा तुम्ही’. त्याच्या बायकोनं त्याला लग्नाला कसा उभा केला असेल कुणास ठाऊक. तो उद्या-सुतार साडेआठला पाच मिनिटं कमी असताना दारात! हे त्याच्याकडे बघतच राहिले. मला फोन केला, आवाज एवढासा. ‘अगं... तो आला.’ मग बरंच की! ‘बरं कसं? काहीतरी आहे. हा वेळेवर येतो म्हणजे काहीतरी मोठं होणार.’

रविवारी सामान बिनबोभाट खाली गेलं. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक रिकामं दुकान नऊ दिवसांसाठी घेतलं होतं, त्यात फायली, मशीनचे सुटे भाग, सगळे खोके रचले, नंबर बाहेरच्या बाजूला, किल्ली ह्यांच्याकडे एक, माझ्याकडे एक. एक पेलासुद्धा फुटला नाही. ह्यांचा फोन: ‘काहीच फुटलं नाही गं.’ सोमवारी वायरमन आला, भिंतीत वायर घातली, वायर पुरली. पुरली! उरली पण नाही. ह्यांनी त्याला तीनदा तपासायला लावलं. वायरमन म्हणाला, ‘साहेब, झालंय. आता अजून तपासलं तर बिघडेल.’ मंगळवारी रंग वाळला. ज्या दिवशी वाळायचा त्याच दिवशी! मंगळवारी संध्याकाळी हे घरी आले ते भिंत धरून. म्हणाले, ‘आपण अर्धा दिवस पुढे आहोत.’ आणि पाणी मागितलं.

त्यांचंही बरोबर होतं हो. त्या माणसानं दोनशे चौदा संकटांची तयारी केली, आणि एकही संकट येईना! लग्नात मांडव घालून बसलोय आणि वऱ्हाडच नाही, तसं. कुठून येणार, कधी येणार, जीव नुसता टांगणीला. मी इथं फोनपाशी. फोन यायचे, साधे साधे, ‘बाई, मेकॅनिकला पाठवा’, ‘बाई, तारीख द्या’. मी प्रत्येक वेळी उठून उभी राहून बोलायचे. बसून बोललं तर चुकेल असं वाटायचं.

आणि बुधवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, वाजला.

दवाखान्यातला माणूस. डायलिसिस विभागातला, मशीनं चालवणारा. ‘ताई, पंप गेला हो. आमची तीनच मशीनं, त्यातलं एक कालपासून सर्व्हिसिंगला, दुसऱ्याचा पंप आता गेला. एकावर चालवतोय. चार पेशंट बसलेत. मोटर बदलावी लागणार. बदलतो मी, मला येतं, तुम्ही फक्त मोटर पाठवा.’ घाबरलेला माणूस घाई करतो ना, तसा नव्हता हा, अगदी सावकाश बोलत होता. आणि सावकाश बोलणाऱ्याची मला आधीच धास्ती!

मी ते तांबडं कार्ड काढलं. खाली घातलेलं ना, सापडायला वेळ. कार्डावर काय, तर पहिलं: जवळच्या मेकॅनिकला फोन. केला. त्याचा फोन बंद, तो दुसऱ्याच दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत शिरलेला. दुसरं: ‘मला फोन.’ केला. ह्यांचा फोन एंगेज. पुन्हा केला. एंगेज. पुन्हा! सात मिनिटं एंगेज! आणि का, तर हे तिकडून मला लावत होते! रोज अकरा वीसला विचारायचे ना, ‘सगळं ठीक?’ म्हणून. आम्ही दोघं एकमेकांना फोन करत बसलो आणि दोघांनाही एंगेज! पंचवीस वर्षं संसार केला, पण कुणी आधी बोलायचं आणि कुणी आधी थांबायचं हे काही आमचं ठरलं नाही बघा.

मग मी म्हटलं, गेलं खड्ड्यात कार्ड. त्या माणसानं सांगितलेला मोटरचा नंबर तळहातावर लिहिला, दुकानाची किल्ली घेतली, सासूबाईंना उठवून फोनपाशी बसवलं. म्हटलं, आई, मी दवाखान्यात जाऊन येते, कुणाचाही फोन आला तर म्हणा ‘थांबा’, एवढंच. सासूबाईंना ऐकू येतं, पण त्यांना हवं तेवढंच. मान हलवली. मी चपला घातल्या नि पळाले. माझा मोबाईल? तो राहिला ओट्यावर.

टॅक्सीतून त्या दुकानापाशी उतरले. समोर तिसऱ्या मजल्यावर ह्यांचं ऑफिस, खिडक्या उघड्या. खालून हाक मारली, ‘अहो!’ वरून ड्रिलचा आवाज. पुन्हा जोरात, ‘अहोऽऽ!’ रस्त्यावरच्या चार पुरुषांनी वळून बघितलं हो, आमचे हे सोडून! वर जायचं तर लिफ्टमध्ये फळ्या. म्हटलं, जाऊ दे. कुलूप उघडलं. आत नव्वद खोके. नव्वद खोक्यांत एवढीशी मोटर! आणि तेवढ्यात दिसलं, दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, यादी चिकटवलेली. ह्यांचं अक्षर. ‘डायलिसिस, पंप मोटर, खोका सत्तेचाळीस, डावीकडून तिसरी रांग, वरून दुसरा.’ गेले, डावीकडून तिसरी, वरून दुसरा. सत्तेचाळीस! त्याच्यावर फक्त एक खोका, आणि तो कशाचा, तर पडद्यांचा. हलका! ‘लागणारं सामान हलक्याखाली’, हे ते टेबलावर बसून पुटपुटायचे, मला वाटायचं डोक्यावर परिणाम झालाय.

दोन मिनिटांत मोटर हातात. आणि तळहात बघते तर काय... घामानं शेवटचा आकडा फिसकटलेला! आठ की तीन? खोक्यात दोन पुडकी, एक आठवालं, एक तीनवालं! मी तिथं खाली बसले, तुम्हाला सांगते. चार माणसं तिकडं खुर्चीत बसलीत, आणि सगळं माझ्या घामावर अडलंय. हात उन्हात धरला, तिरपा धरला, फुंकर मारली. आठ... तीन... आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला की बये, दोन्ही घे!

दोन्ही घेतली. पळत सुटले. आठवालं निघालं. त्या मशीनवाल्यानं दहाव्या मिनिटाला मशीन चालू केलं. मी दारातून बघत होते. खिडकीपाशी एक वयस्कर बाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स, जणू बसथांब्यावर बसल्यासारख्या. मला म्हणाल्या, ‘तुम्ही आणलंत का हो? मला वाटलं, आज परत जावं लागतंय. आज परत गेले असते तर रात्रभर धाप लागली असती.’ आणि माझा हात हातात घेतला, तोच, शाईचा. मला तेव्हा आमच्या ह्यांचा सगळा तक्ता एका क्षणात कळला हो. हा माणूस सहा आठवडे उगीच नव्हता भीत. दुसऱ्या कुणाला भ्यावं लागू नये म्हणून भीत होता.

...पण थांबा. इकडं माझ्या डोळ्यांत पाणी येतंय, आणि तिकडं काय चाललंय? तिकडं ह्यांचा फोन लागला एकदाचा. घरी. उचलला कुणी? सासूबाईंनी.

‘आई, ती कुठंय?’

‘दवाखान्यात गेली.’

‘दवाखान्यात? का?’

‘पंप बंद पडला म्हणे.’

‘कुणाचा पंप?’

‘आता मला काय विचारतोस? नुसती थरथरत होती, घाम फुटलेला, हातावर काहीतरी लिहून घेतलं नि गेली. मला म्हणाली, थांबा. मी थांबलेय.’

गेलं! हे तिथून जे निघाले, फोन एकीकडे, चष्मा एकीकडे. तीन मजले फळ्यांवरून उड्या मारत उतरले म्हणे. डोक्यापासून पायापर्यंत ड्रिलनं उडालेली भिंतीची पूड. सरळ सगळ्यात जवळच्या दवाखान्यात, आणि नशिबानं मी तिथंच! दारात नर्सला म्हणाले, ‘माझ्या बायकोचा पंप बंद पडलाय!’ आता समोर एक पांढराफटक माणूस, ओठ निळे, धाप लागलेली. ती बिचारी कशाला बायकोला शोधतेय? तिनं ह्यांनाच चाकाच्या खुर्चीत बसवलं! हे उठतायत, ती बसवतेय, हे उठतायत, ती बसवतेय. ‘बाबा, तुम्ही शांत व्हा, तुमच्याबरोबर कोण आहे?’ हे ओरडतायत, ‘जी होती ती आत आहे!’

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी बाहेर आले. हातात त्या मशीनवाल्यानं दिलेला चहा. ह्यांनी मला बघितलं. खालपासून वरपर्यंत बघितलं, मोजमाप घेतल्यासारखं. मग माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. चहा सांडला. मी म्हटलं, अहो, मशीनचा पंप, माझा नाही! कळलं त्यांना. कळलं तरी सोडेनात. आणि मग त्या खुर्चीत बसल्या बसल्या, सगळ्यांच्या देखत, माझ्या शाईच्या हाताला म्हणाले, ‘सगळं लिहिलं होतं गं मी. तुला काही झालं तर काय करायचं, ते कुठंच लिहिलं नव्हतं.’

नर्सनं ब्लड प्रेशर मोजलं. म्हणाली, तासभर उठायचं नाही. तासभर! ‘माझं ऑफिस उघडं आहे हो,’ हे म्हणाले. चौदा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळी ते कामावर नव्हते. तासाचे तीन तास झाले. टॅक्सीत बसून परत निघालो तर हे नुसते बोटांवर मोजतायत, काय काय कोसळलं असेल ते. मीही मनात म्हटलं, आता येणार ती दोनशे चौदा संकटं, सगळी एकदम, वाट बघून कंटाळलेली.

वर गेलो. दार ढकललं.

आठ टेबलं जोडून उभी. बुधवारी चारच व्हायची होती! उद्या-सुतार फडक्यानं हात पुसत म्हणाला, ‘साहेब, राग मानू नका, पण तुम्ही नव्हतात ना, म्हणून भरभर झालं.’ ह्यांचा चेहरा! शाबासकी म्हणावी की मुस्काटात म्हणावी? हे हळूच म्हणाले, ‘नंबर बघून जोडलीत?’ तर तो म्हणाला, ‘तुम्ही इतके नंबर घातलेत की चुकायला जागाच नाही ठेवलीत. चुकणार कुठं माणूस?’

इतकं नीट करू नये हो, खरंच सांगते!

शुक्रवारी संध्याकाळी सगळं झालं. सातव्या दिवशी! बाकी ऑफिस शनिवार-रविवार घरी झोपलं, आणि आमचे हे दोन्ही दिवस त्या रिकाम्या ऑफिसात जाऊन बसले. का? तर म्हणे, काही झालं तर कुणीतरी हवं. दिवे लावायचे, बंद करायचे. खण उघडायचे, मिटायचे. मी डबा घेऊन गेले तर एका कोपऱ्यात भिंतीला कान लावून उभे.

सोमवारी नऊला मोठ्या मॅडम आल्या. अकरा जण रांगेत उभे, लग्न ठरलेला तो बिचारा तर डोळे मिटून. बाईंनी सगळं ऑफिस फिरून बघितलं. खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं, बोट बघितलं. स्वच्छ. मग म्हणाल्या, हळू, ‘शुक्रवारीच झालं म्हणे?’

आणि आमचे हे काय म्हणाले असतील? पुढं वाकून म्हणाले, ‘हो मॅडम. चूक झाली.’

बाई हसल्या. पहिल्यांदाच दात दिसले म्हणतात. ऑफिस राहिलं हो! अकराच्या अकरा राहिले. लग्न ठरलेला पोरगा मोठ्यानं रडला. आणि मग बाईंनी पर्समधून एक पत्र काढलं, दवाखान्याचं. ‘तुमच्या तातडीच्या सेवा विभागातल्या ताईंचे आभार’ असं. म्हणाल्या, ‘आपल्याकडे असा विभाग आहे, हे मला माहीत नव्हतं.’ ह्यांनी मान खाली घातली. ‘आता मुख्य ऑफिसचंही करायचंय. चार मजले, एकशे चाळीस माणसं. तुम्हीच बघा. आणि फोन... ह्या वेळी जिथं वळवला होता, तिथंच वळवा.’

बघितलंत? वाईट केलं असतं तर गोदामावर पाठवलं असतं, निवांत बसलो असतो दोघं! नीट केलं, म्हणून चार मजले!

आता आमच्या टेबलावर नवा तक्ता आहे. सहाशे अकरा ओळी झाल्यात, अजून दुसरा मजला चाललाय. परवा हे आंघोळीला गेले तेव्हा मी हळूच पहिलं पान उघडलं. ओळ क्रमांक एक. सुतार नाही, रंगारी नाही. ‘पत्नीला फोन: सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी पाच. फक्त तब्येत विचारणे. कामाचे बोलू नये.’ शाईनं. खाली रेघ मारून.

आणि करतात हो! घड्याळ लावून करतात. मी हसते, म्हणते, अहो, काय हे, मला काय धाड भरलीये? पुरे आता! पण काल... काल एक वाजला, फोन नाही. एक वाजून एक मिनिट. नाही. एक वाजून दोन! आणि तुम्हाला सांगते, माझ्या एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, दाराच्या कडीला हात... तेवढ्यात वाजला. ‘अगं, जिन्यात रेंज नव्हती. घाबरलीस की काय?’

म्हटलं, ‘छे! मी कशाला घाबरू?’

...आणि पायातली ती चप्पल मी काही काढली नाही. म्हटलं, पाच वाजेपर्यंत राहू दे.